दुपारचं फ्रँकफर्ट

"ओ वैनी, दुपारच्या वक्ताक तुमचां नेट खंय जाता?"

बाबलने हे विचारलं तेव्हा मी त्याच्या हातात चहा देत होते. कप बशीत असा काही वाजला की मलाच दचकायला झालं. बाबल म्हणजे माझ्या सासऱ्यांचा भाचा. कुडाळपासून आमच्या वाडीपर्यंतच्या केबलच्या आणि इंटरनेटच्या तारा त्याच्या. खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं, कमरेला पकड आणि तोंडात सदानकदा एकच वाक्य: कोणाच्या घरात काय बघतत तां माका बसल्या जागी दिसता. खरं-खोटं देव जाणे, पण अख्खी वाडी त्याला वचकून होती.

"म्हणजे काय, भावोजी?" मी विचारलं.

"म्हणजे बघा. आधी तुमच्या घरातसून धा ठिकाणी जाय. आता दुपारची जेवणां झाली की सगळां एकाच बोगद्यात घुसता. बोगद्याच्या फुडे काय आसा, तां काय माका दिसणा नाय."

पडवीतल्या आरामखुर्चीत आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेपर खाली केला. "कसलो बोगदो?"

बोगदा माझा होता. मी काहीतरी जुळवून सांगणार एवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मी नाटकां बघतंय दुपारी. दशावतार. तेचोच आसतलो."

बाबल हसला. "मामी, दशावतारात बोगदो खंयसून इलो?"

"संकासुर वेद चोरून पाताळात जाता मा? थंयसून."

आबासुद्धा हसले. पेपर परत वर गेला, बाबल चहा पिऊन खांबावर चढायला गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन एक तांब्या पाणी घटाघटा प्यायले. बाईच्या भोळेपणानं वाचवलं आज, असं मला वाटलं. पुढे कितीतरी दिवस मला तसंच वाटत होतं.

मी मूळची मिरजेची. नर्सिंग करून तिथल्याच एका हॉस्पिटलात होते. दीपेश त्याच्या मित्राला भेटायला आला आणि मित्र बरा होऊन गेला तरी येतच राहिला, अशी आमची गोष्ट. लग्न होऊन मी त्यांच्या काजूच्या बागेत आले. तीन वर्षं मोठी गोड गेली, आणि मग एका सकाळी हायवेवर त्याच्या मोटरसायकलला टेम्पोनं उडवलं. दिवसकार्य झाल्यावर माझे बाबा मला न्यायला आले, तेव्हा भरल्या अंगणात मीच म्हणाले, "मी इथून कुठेही जाणार नाही." तेव्हा ते अगदी पोटातून आलं होतं.

आबांनी ते वाक्य उचललं. ते आयुष्यभर एसटीत कंडक्टर. एकदा घंटी दिली की गाडी थांबवायची नाही, असा माणूस. वाण्याकडे, देवळात, लग्नकार्यात, जिथे जातील तिथे सांगत, "आमची हेमांगी हंयच रवतली. झील गेलो, पण सून आसा." त्यात मायाच होती, मी नाकारत नाही. पहिलं वर्ष ती माया मला शालीसारखी उबदार वाटली. पण चैत्र-वैशाखातही शाल अंगावरच ठेवा म्हटलं तर माणूस गुदमरतो.

अशात ग्लोरीचा फोन आला. ग्लोरी माझी हॉस्टेलमधली जिवाची मैत्रीण, मिरजेच्या मिशन कंपाउंडातली. ती फ्रँकफर्टला जाऊन स्थिरावली होती. म्हणाली, "हेमे, इकडे नर्सेस हव्यात म्हणून लोक रडतायत. भाषेची परीक्षा दे, बाकीचं मी बघते."

"आबांना कळलं तर मला दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत."

"मग कळू देऊ नकोस. परीक्षा होईपर्यंत तोंड बंद."

"आणि बाबल? त्याला बसल्या जागी सगळं दिसतं."

त्यावर ग्लोरीनं मला व्हीपीएन सांगितलं. कसलंसं अॅप. ते चालू केलं की मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात किल्लीचं चित्र येतं, आणि आपण जगातला कुठलाही देश निवडायचा, की आपण तिथले. "किल्ली दिसली की संपलं," ग्लोरी म्हणाली. "तू कुठे आहेस, काय बघतेस, कुणाच्या बापाला कळणार नाही."

त्या दुपारी मी पहिल्यांदा फ्रँकफर्टला गेले.

आता हसू येतं, पण मला खरंच गेल्यासारखं वाटे. जेवणं आटोपून, ओटा पुसून मी माजघरामागच्या खोलीत यायची, दार लोटायची, गार जमिनीवर चटई टाकायची. अॅपमधलं वर्तुळ थोडा वेळ फिरत राही. बाहेर काजूचा मोहोर दरवळत असे, कुठेतरी भारद्वाज घुमत असे, डोळ्यांवर झापड येत असे. आणि मग वर्तुळ हिरवं होई, किल्ली उमटे, आणि चटई जागची हलली आहे असं वाटे. जाहिराती जर्मन होत. कुणी गोरी बाई मला हिवाळी बूट विकू बघे. मी उघड्या पायांकडे बघत पडून राही. नकाशा उघडला तर निळा ठिपका मात्र आमच्या काजूखालीच असे, आणि हवामानाच्या चौकोनात कुडाळ, एकतीस अंश. म्हणजे मोबाइलला आपण कुठे आहोत हे पक्कं ठाऊक होतं, पण मी त्याकडे काणाडोळा केला. स्वप्नात असताना कुणी आपल्या नावानं हाक मारली तर आपण कूस बदलतो ना, तसं.

मग कानात इयरफोन घालून मी जर्मनच्या धड्यांचे व्हिडिओ लावी. शिकवणारी बाई पन्नाशीची, पांढऱ्या आखूड केसांची, गळ्यात निळा रुमाल. ती एकेक वाक्य सावकाश बोले आणि प्रश्न विचारला की थांबून राही. थेट तुमच्या डोळ्यांत बघत राही, जणू तुम्ही उत्तर देईपर्यंत तिला दुसरं काही कामच नाही. मी कुजबुजत उत्तरं देई.

या सगळ्यात एकच कटकट होती, ती म्हणजे सासूबाईंचा दशावतार.

दीपेश गेल्यापासून आई जवळजवळ बोलेनाशाच झाल्या होत्या. टीव्हीकडे कधी ढुंकून बघत नसत. पण त्या वर्षी दिवाळीपासून त्यांना अचानक दशावतारी नाटकांचा नाद लागला. जेवणं झाली रे झाली की नेटवरचा टीव्ही सुरू. पायपेटी, पखवाज, झांजा, राक्षसांचं खदाखदा हसणं. इयरफोनच्या आतून जर्मन बाई आणि बाहेरून संकासुर. अर्धवट झोपेत त्यांची सरमिसळ होई. एकदा मला चक्क नारदमुनी वीणा खाली ठेवून जर्मनमध्ये स्टेशनचा रस्ता विचारताना दिसले.

बरं, नाटक लागलं म्हणजे पुरतं व्हायलाच हवं. एकदा मी बाहेर आले तर आई भिंतीला टेकून घोरत होत्या. मी हळूच टीव्ही बंद केला. त्या ताडकन जाग्या झाल्या आणि होतं तिथून परत सुरू केलं.

"आई, तुम्ही तर झोपला होतात."

"मी झोपलंय. तां जागां आसा."

आता याला काय म्हणायचं? मी परत खोलीत गेले. माझ्या मोबाइलवरही हल्ली जर्मन धड्यांच्या मध्येमध्ये मुकुट घातलेले राजे दिसू लागले होते. आपण कोकणात राहतो म्हणून दाखवत असतील, असं म्हणून मी अंगठ्यानं त्यांना वर सरकवून टाकी.

संध्याकाळ आबांची. ते बाजाराकडून फिरून येत, पाय धूत, आई देवाजवळ दिवा लावत, आणि मग आबा रिमोट घेऊन बातम्या लावायला बसत. पण बातम्यांच्या आधी एक कार्यक्रम असे. पडद्यावर जी चित्रांची पहिली ओळ येते, तिच्यातलं एकेक नाव ते मोठ्यानं वाचत. चाळीस वर्षं गाडीच्या पाट्या वाचल्यावर समोर काही लिहिलेलं दिसलं आणि ते मनात वाचलं, असं त्यांच्याकडून होतच नसे. "नागकन्येची आण. संकासुराचो गर्वभंग. वेंगुर्ल्याच्या जत्रेतलां नाटक, भाग दुसरो." मला स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना ते ऐकू येई, आणि वाटे, फोंडा, कणकवली, तळेरे अशी गाडी चाललीय.

परीक्षा शिमग्यानंतर पुण्याला होती. बाबांच्या पायाचं दुखणं सांगून मी मिरजेला जाणार आणि तिथून पुण्याला, असं ठरलं होतं. आणि परीक्षेला महिना उरला असताना आईंना ताप भरला.

मलेरियाची भीती होती, पण तो साधा ताप निघाला. तरी अंग फणफणलेलं, उठायचं बळ नाही. मी त्यांना माझ्याच खोलीत निजवलं. कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, पेज पाजायची, आणि त्यांचा डोळा लागला की तिथेच उशाशी बसून धडे. टीव्ही बंद होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घर शांत होतं आणि मी अधाशासारखी शिकत सुटले. नर्सेससाठी खास धडे, तिथल्या वॉर्डचे व्हिडिओ, व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारतात ते. किल्ली कोपऱ्यात चमकत होती. आई तापात काहीतरी पुटपुटत होत्या. दोनदा त्यांनी हात उचलून दाराकडे दाखवलं. "टीव्ही," म्हणाल्या. "टीव्ही लाव गो." मला वाटलं, तापात माणूस काहीही मागतं.

"बऱ्या झालात की बघा नाटक," मी म्हणाले आणि पट्टी बदलली.

संध्याकाळी आबा आले. पाय धुतले. दिवा मीच लावला. भाजीला फोडणी दिली, आणि बाहेर आबांनी नेहमीसारखी गाडी सोडली.

"जर्मन शिका, धडो पंधरावो," आबांनी वाचलं.

माझा हात झाऱ्यावरच राहिला.

"नर्सेससाठी जर्मन. फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलातलो एक दिवस." आवाज सावकाश होत गेला, घाट चढणाऱ्या गाडीसारखा. "जर्मनीच्या व्हिसाची मुलाखत. परदेशात नर्स म्हणून जाताना." मग चरचरणाऱ्या फोडणीवरून हाक आली. "हेमांगी. भायर ये."

मी कमरेचा मोबाइल काढून बघितला. किल्ली होती. किल्ली तशीच्या तशी होती. मला काही केल्या कळेना की हे झालं कसं.

बाहेर आले. आबा उभे होते. पडद्यावर ती निळ्या रुमालाची बाई ओळीनं चार ठिकाणी हसत होती, आणि वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या गोलात दीपेश. तो टीव्ही त्यानं घेतला होता. घरात एकच मेल आयडी, त्याचा. टीव्ही त्यावर, आईंचा मोबाइल त्यावर, माझाही त्यावरच. देवगडच्या समुद्रावर उन्हात डोळे बारीक केलेला त्याचा फोटो त्या गोलात होता. तो गेल्यावर दुकानदार म्हणाला होता, वहिनी, तुमचं वेगळं खातं काढून देतो. मी नको म्हटलं. त्या गोलातून त्याला कुणी आणि कसं काढायचं?

"दीपेशच्या नावार ह्यां कोण बघता?" आबांनी विचारलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी बघतंय."

आई दारात उभ्या होत्या. अंगाला गोधडी गुंडाळलेली, एक हात चौकटीवर, चेहरा तापानं लाल. मी धावले त्यांना धरायला, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"तू?" आबा म्हणाले.

"होय. दुपारी. एक बाई शिकवता. बरां शिकवता."

"तू जर्मन शिकतंस?" आबांना हसावं की काय करावं कळेना. "बरां. बोलून दाखय."

आईंनी पडद्याकडे बघितलं. त्या बाईच्या डोळ्यांत बघत, सावकाश, एकेक अक्षर पायरीसारखं उतरत त्या म्हणाल्या, "इश हायसं शेवंती."

वाक्य बरोबर होतं. माझं नाव अमुक, असं ते वाक्य. पण माझ्या सासूबाईंचं नाव सुनंदा. रेशनकार्डावर सुनंदा, देवळातल्या वर्गणीत सुनंदा, दीपेशच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव सुनंदा.

आबा खुर्चीत बसले. "काय म्हटलंस?"

"माझां नाव सांगलंय. ती बाई रोज विचारता, तुझां नाव काय. विचारून गप रवता. मगे काय करूचां? सांगतंय."

"शेवंती," आबा स्वतःशीच म्हणाले. लग्नात ताटातल्या तांदळांवर त्यांनी अंगठीनं सुनंदा लिहिलं होतं, आणि त्या दिवसापासून शेवंती माहेरीच राहिली होती. माहेरचं कुणी आता उरलं नव्हतं. ते नाव त्या घरात उच्चारलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं, आणि आबांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही फार वर्षांत ऐकलं नसावं.

तापानं थरथरणारी ती बाई माझ्यासाठी चौकट धरून उभी होती आणि मी गप्प होते. आता गप्प राहणं मला जमेना.

"आबा, ते सगळं मी बघते. मला जर्मनीला जायचंय. नर्स म्हणून. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे."

"तू अंगणात सांगितलां होतंस. सगळ्यांच्या म्होऱ्यात."

"सांगितलं होतं. तेव्हा ते खरं होतं."

"आणि आता?"

"आता मला जायचंय, आबा."

आबा पडद्याकडे वळले. बाईकडे नाही, कोपऱ्यातल्या गोलाकडे. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "तेका तरी म्हायत होतां काय?"

"तेच्याच नावार चल्लां सगळां," आई म्हणाल्या. "तेका कळल्याशिवाय कसां रवात?"

आबांनी टीव्ही बंद केला. त्या दिवशी बातम्या लागल्याच नाहीत. ते अंगणात जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर बसले, आणि मी आईंना आत नेऊन निजवलं.

पेज गरम करून आणली. उशी पाठीशी देऊन त्यांना बसवलं. दोन चमचे पोटात गेल्यावर मी विचारलं, "आई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या दिसापासून. तू हंय आत बघी, आणि थंय टीव्हीर येय. तीच बाई. निळो रुमाल." त्यांनी तोंड पुसलं. "ह्यांका सगळां वाचूची खोड. संध्याकाळी वाचतले, ह्यां कळलां माका. मगे एक नाटक लावून बघलंय. तर वर एक नाटक इलां. धा लावलंय तर सगळी ओळ नाटकाची झाली. तुझी बाई गेली खाली."

रोज दुपारी दाराआडून मी ज्यांच्यावर चरफडत होते, त्या आई बाहेर बसून एकेक राजा, एकेक राक्षस माझ्या आणि आबांच्या मध्ये उभा करत होत्या.

"पण पुरतं का बघायचात? झोपायचात तरी बंद करू द्यायचा नाहीत."

"अर्धां सोडलां तर मोजीत नसतले. ती लाल रेघ आसता मा चित्राच्या खाली, ती पुरी जावक व्हयी." तसं काही नसतं हे मला नंतर कळलं. पण त्या रेघेसाठी त्या महिनोन्महिने बसल्या होत्या. "फक्त एक झालां," त्या म्हणाल्या. "त्या बाईचां माका वाईट वाटलां. शिकवूक येता बिचारी, आणि मी तिका खाली ढकलतंय. म्हणान एकदा तिचो पयलो धडो बघलंय. मगे परत बघलंय."

"आई, मी जावं असं वाटतं तुम्हाला?"

"नाय," त्या म्हणाल्या. मग पेजेची वाटी माझ्या हातातून घेऊन स्वतःच प्यायल्या. "माका वाटणा नाय. पण तुका वाटता. जा, तू जेवून घे. भाजी करपली आसतली."

भाजी खरंच करपली होती. मी तशीच खाल्ली आणि खाताना ढसाढसा रडले. दीपेश गेल्यानंतर इतकी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ग्लोरीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारलेला मला कुडाळपर्यंत ऐकू आला. "अगं येडे, व्हीपीएननं रस्ता झाकला जातो. बाबलला नाही दिसणार तू कुठे गेलीस. पण तू नवऱ्याचं नाव लावून आत शिरणार, तर आतला माणूस नोंद ठेवणारच ना? आपण तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटर चालवायचो, आठवतं? चेहरा झाकलेला आणि नंबरप्लेट तीच. तुझ्या बाबांनी नंबरप्लेट बघूनच पकडलं होतं की आपल्याला."

"मग आता काय करू?"

"नवीन खातं काढ."

मी हो म्हटलं आणि काढलं नाही.

आबा पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण संध्याकाळची गाडी बंद झाली नाही. आता आई नाटकं लावत नसत, त्यामुळे ओळीत माझेच धडे असत, आणि आबा तेही वाचत. वाकडेतिकडे, अडखळत, पण एकही पाटी न गाळता. मी परीक्षा पास झाले, व्हिसा आला. जर्मनीला निघायच्या दिवशी कुडाळ स्टँडवर ते माझी बॅग घेऊन आले, सीटखाली नीट सरकवली, कंडक्टरला दटावून मला खिडकी मिळवून दिली. मी खिडकीतून वाकून "येते, आबा" म्हटलं. त्यांनी हात उचलून गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. टण्, टण्. डबल बेल. ड्रायव्हरनं सवयीनं गिअर टाकला आणि कंडक्टर आबांवर ओरडला, "अहो राऊळ, माझी माणसं यायची आहेत अजून."

त्याला आता बरीच वर्षं झाली. खऱ्या फ्रँकफर्टमध्ये काजूचा वास येत नाही आणि चटई कधी हलत नाही, पण ठीक आहे, मी इथली झाले. मोबाइल दोनदा बदलला, खातं तेच. कोपऱ्यात दीपेश देवगडच्या उन्हात डोळे बारीक करून बघत असतो. ग्लोरी अजून रागावते.

पण तिला एक माहीत नाही. इथे सकाळी मी ड्यूटीला जायला ट्रॅममध्ये बसते, तेव्हा तिकडे दुपार असते. मोबाइल उघडला की पहिल्या ओळीत हळूच एखादा मुकुटवाला राजा वर येई. मी निघाल्यावर आईंनी नाटकं परत लावली होती; कुणापासून काही लपवायचं नव्हतं, पण सवय लागली ती लागली. राजा आला की मला कळे, तिकडे जेवणं झाली, ओटा पुसला, आई भिंतीला टेकून बसल्या. आबांच्या छातीत दुखायला लागलं तेही मला त्या ओळीतच आधी दिसलं होतं, छातीदुखीवर बोलणाऱ्या डॉक्टरांच्या व्हिडिओंतून; फोन नंतर आला. आबा गेल्यावर मी जाऊन आले, पण परतल्यानंतर ती ओळ ओस पडली. ना राजा, ना राक्षस. मी फोन करी, आई "बरी आसंय" म्हणत आणि ठेवून देत.

परवा सकाळी ट्रॅममध्ये ओळ उघडली तर पहिल्याच जागी निळा रुमाल. पहिला धडा. मी तो कित्येक वर्षांत बघितलेला नाही. चित्राखाली लाल रेघ, अर्ध्याच्या अलीकडे थांबलेली.

रेघ जिथे थांबली होती तिथून मी धडा सुरू केला. बाईनं विचारलं, तुमचं नाव काय? आणि ती थांबली. डोळ्यांत बघत राहिली.

पुढच्या थांब्यावर मी उतरले. ड्यूटीला उशीर होणार होता, होऊ दे म्हटलं, आणि बाकावर बसून घरी फोन लावला. आईंनी उचलला. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मी जेवलात का विचारलं नाही, तब्येत विचारली नाही. त्या बाईसारखंच सावकाश म्हणाले, "वी हायसन झी?"

मग टीव्ही बंद झाल्याचं कळलं. आईंनी घसा साफ केला.

"इश हायसं शेवंती," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "फुडचां माका येणा नाय. तू शिकय."